भिंतीकडे तोंड केलेलं चित्र

१

दुपारचं जेवण झालं की रोकीनामावशीची कामं ठरलेली असत. टेबलावरचे पावाचे चुरे हातानं गोळा करून ती अंगणातल्या कोंबड्यांना टाकी. मग एकेका खोलीत जाऊन खिडक्यांची हिरवी लाकडी दारं ओढून घेई आणि घरात विहिरीतल्यासारखा गार काळोख होई. सगळ्यात शेवटी ती स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या भिंतीपाशी येई. तिथं तळहाताहून जरा मोठं एक तैलचित्र होतं. ते खिळ्यावरून काढून, त्याचं तोंड भिंतीकडे करून ती परत अडकवी. तान्ह्या मुलाला थोपटावं तसं त्याच्या पाठीवर थोपटून म्हणे, "नीज आता."

चार वाजता हेच सगळं उलट्या क्रमानं होई. चित्र सरळ, खिडक्या उघड्या, आणि आतल्या खोलीतून हाक : "लिबेरा, कॉफी टाक गं. साखर मी घालीन, तुला अंदाज नाही."

लिबेरा लहान असताना हे रोज बघायची आणि तोंडावर हात धरून हसायची. मग वडिलांना उत्तरेकडे कारखान्यात काम लागलं आणि ती निघून गेली. पुढे झ्युरिचमध्ये वास्तुविद्या शिकली. शिकताना घरं काढायला सांगितली की तिच्या हातून नकळत याच डोंगरावरची घरं उतरायची. यंदा वसंतात ती सामान घेऊन कायमची परत आली, तेव्हा मावशी थकली होती. नात्यानं ती लिबेराच्या आजीची धाकटी बहीण, पण सगळं गाव तिला मावशीच म्हणे. बाकी काही बदललं नव्हतं. चुरे, कोंबड्या, खिडक्या, चित्र. "नीज आता."

लिबेराला आता हसू आलं नाही.

२

मोन्तेसोर्दो ही दोन गावं आहेत. वरचं आणि खालचं. वरचं गाव कड्यावर, दगडाचं, रिकामं. दरड कोसळली त्या उन्हाळ्यात सरकारनं ते रिकामं करून घेतलं आणि ओढ्याकाठी सिमेंटचं खालचं गाव बांधून दिलं. पन्नासेक वर्षं झाली, तरी कुणाला विचारलं तर तो बोटानं वरच दाखवतो. सगळ्यांनी निघताना खिडक्या बंद केल्या, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली जवळ ठेवली. मावशीची किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात, संत रोक्कोच्या बिल्ल्याशेजारी.

लिबेराला ते गाव पुन्हा वसवायचं होतं. दरडीनं गाव मरत नाही, न परतणाऱ्यांमुळे मरतं, असं ती म्हणे, आणि म्हणताना तिचे कान लाल होत. घरांची पुढची ओळ सगळी पक्क्या खडकावर उभी होती. तिथली घरं दुरुस्त करायला नगरपालिकेनं परवानगी दिली होती. संत रोक्कोच्या सणाला मिरवणूक वर न्यायची आणि पहिलं दार उघडायचं, असं ठरलं. पहिलं दार मावशीचं. ती वर गेली तरच बाकीचे किल्ल्या काढणार होते.

"तुमचा बाप काय म्हणाला?" एजिदियो मिस्त्रीनं विचारलं होतं. म्हातारा गवंडी, सडाफटिंग, तोंडाचा तिखट.

"म्हणाला, आम्ही जिथून पळालो तिथं राहायला जायला तू एवढी शिकलीस का."

"शहाणा माणूस. पण इंजिनीअरबाई, तुमचं भाग्य थोर. माझं कुणी ऐकत नाही म्हणून मीही येतो."

आणि तो खरंच आला. चुना कालवायला, दगड निवडायला, आणि दिवसभर टोमणे मारायला.

कामासाठी लिबेराला ते चित्र हवं होतं, कारण वरच्या गावाचं जुनं रूप दुसरीकडे कुठंच नव्हतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओरेस्ते वालमारीन नावाचा एक चित्रकार पायी हिंडत आला होता. तो एक उन्हाळा कानियोच्या, म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या पूर्वजांकडे उतरला. पैसे नव्हते म्हणून सिगारच्या पेटीच्या झाकणावर चित्र काढून ते यजमानांना देऊन गेला. समोरच्या झऱ्यापाशी बसून काढलेलं. उन्हानं पांढरा पडलेला रस्ता, कड्यावर घरांची ओळ, एक तुतीचं झाड, त्याखाली सावलीचं इवलंसं डबकं. माणूस एकही नाही. सगळ्या खिडक्या बंद. भर दुपारची ती वेळ, जेव्हा इथं कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही.

"दुपारी बसून काढलं यानं?" लिबेरा म्हणाली. "उन्हात?"

"परका होता," मावशी म्हणाली. "त्याला कोण सांगणार?"

३

चित्रावर चुलीची काजळी बसली होती. लिबेरानं ते खिडकीपाशी नेलं आणि कापसाचा बोळा थुंकीनं ओला करून हळूहळू पुसायला घेतलं. जुनी चित्रं अशीच पुसतात, पण मावशीला ते पटेना.

"थुंकी लावतेस?"

"झ्युरिचची थुंकी आहे, मावशी. महागाची."

काजळीखालून आभाळ निघालं, मग भिंतींचा गव्हाळ रंग. जेवणाची हाक आली तेव्हा चित्र तिच्या टेबलावरच राहिलं, तोंड वर करून. मावशी खिडक्या ओढत आली आणि उंबऱ्यात थांबली.

"पालथं घाल ते."

"वाळू दे ना जरा."

मावशी खिडकी ओढून आपल्या खोलीत गेली. पण त्या दुपारी तिला झोप लागली नाही. पलंगाची करकर लिबेराला भिंतीपलीकडून ऐकू येत होती.

चार वाजता लिबेरानं चित्र पाहिलं. ओळीतल्या तिसऱ्या घराची, म्हणजे मावशीच्याच घराची खिडकी किंचित उघडी होती. दोन दारांमध्ये काळ्या रंगाची उभी रेघ. केसाएवढी.

तिला आनंदच झाला. काजळीखाली हेही होतं तर! सगळं गाव झोपलंय आणि एका घरात कुणीतरी जागं आहे. चित्रकारानं किती हलक्या हातानं सांगितलंय, असं तिच्या मनात आलं. मग तिला चर्चनं कधीतरी सणाला छापलेलं पोस्टकार्ड आठवलं. तिनं ते शोधून शेजारी ठेवलं. पोस्टकार्डात खिडकी बंद होती. साहजिकच आहे, ती स्वतःशी म्हणाली. फोटो काजळीवरून काढलेला. काजळीत काळी रेघ कशी दिसेल?

पण काजळीनं रेघ झाकली असती तर तिथं काळं दिसलं असतं. पोस्टकार्डात तिथं हिरवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं चित्र पुसलं नाही, नुसतं टेबलावर ठेवलं. दुपारनंतर रेघ रुंदावून त्या इवल्या खिडकीच्या निम्म्याएवढी झाली होती. लाकूड उन्हानं तापतं, रंग आकसतो, खालचा थर उघडा पडतो. अशी कारणं तिला पुष्कळ माहीत होती. तिनं ती एकामागून एक मोठ्यानं म्हणून पाहिली. खोलीत तिचा आवाज बरा वाटला नाही.

मग तिनं चित्र उचललं, पालथं करून भिंतीला लावलं, आणि आपण हे का केलं याचा स्वतःलाच राग आला.

४

"मावशी, तू ते पालथं का घालतेस?"

मावशी लाल सुक्या मिरच्या तेलात तळत होती. गोडसर वास घरभर सुटला होता.

"मी ओ देईन म्हणून."

"कशाला ओ?"

मिरच्या झाऱ्यानं काढून मावशीनं त्या कागदावर पसरल्या. मग खुर्ची ओढून बसली.

"तुला लहानपणी शिकवलंय ना? दुपारी रस्त्यावरून हाक आली तर?"

"ओ द्यायची नाही. ज्याला खरंच काम असेल तो चारला परत येईल."

"हं. माझ्या सासूनं कानियोला तेच शिकवलं होतं. दूध पाजताना शिकवलं असेल." तिनं पदरासारखा पुढे आलेला रुमाल कपाळावरून मागे सारला. "त्या दुपारी मी झऱ्यावर होते. घागर राहिली होती म्हणून गेले. नवी नवरी, कुणाचं ऐकते? तिथून मला दिसलं, आमच्या घरामागची जमीन फाटत होती. आवाज नाही, काही नाही. कापड उसवावं तशी. मी तिथूनच हाका मारल्या. कानियो! कानियो! पोलीसही ओरडत आले. ओळीतली एकही खिडकी उघडली नाही, पोरी. आख्खं गाव आत जागं असणार. पडून ऐकत असणार. माझा आवाज ओळखत असणार. पण दुपारची हाक ना."

"मग?"

"मागची खोली गेली. तो मागं झोपायचा, गार लागायचं म्हणून. आवाज झाल्यावर बाकीचे बाहेर पळाले. तो सापडला नाही." तिनं एक मिरची मोडली, खाल्ली नाही. "नंतर एकेक वस्तू आणायला आत सोडलं तेव्हा मी हे चित्र आणलं. कानियोचा फोटो नव्हता गं एकही. पण खिडकी तर आमची आहे."

लिबेरानं उठून चुलीवरची कढई उतरवून ठेवली.

"त्याचा राग नाही मला. शिकवलं तसं वागला. पण तेव्हापासून मी ठरवलंय, मला कुणीही हाक मारली तर मी ओ देणार. म्हणून पालथं घालते. दुपारी त्याचं तोंड इकडे असलं की…" ती थांबली आणि एकदम हसली. "जाऊ दे. म्हातारीचं डोकं. मिरच्या खा, मऊ पडतील."

लिबेराला तिचा हात धरावासा वाटला आणि तिनं धरला. "आपण वर जाऊ, मावशी. सणाच्या आधी एकदा, नुसतं बघायला. तुझं घर तुला दाखवते. भीती जाईल."

"भीती?" मावशी म्हणाली. "भीती कुणाला आहे? मला तर तिथं जायचंच आहे. त्याचीच तर काळजी वाटते मला."

५

ते सकाळी लवकर निघाले. एजिदियोच्या तीनचाकी टेम्पोत पुढे मावशी, मागे चुन्याच्या पोत्यांवर लिबेरा. तिनं चित्र रुमालात गुंडाळून पिशवीत घेतलं होतं. झऱ्यावरून खरी खिडकी आणि चित्रातली खिडकी ताडून बघायची, म्हणजे डोक्यातला किडा एकदाचा जाईल.

मावशीनं गळ्यातली किल्ली काढली आणि कुलपात घातली. किल्ली काल तेल दिल्यासारखी फिरली.

"बघा," एजिदियो म्हणाला, "माझ्या घराची कुलपं महिन्याला गंजतात."

पुढची खोली सुखरूप होती. कोनाड्यात पितळी दिवा, भिंतीत हूक, पाळणा टांगायचा होता तो. मागच्या खोलीचं दार एजिदियोनं दरड कोसळली तेव्हाच दगडांनी बुजवलं होतं. खिडकीची लाकडी दारं फुगून चौकटीत अशी बसली होती की लिबेरानं पाय लावून ओढलं तरी हलली नाहीत. कडीवर कोळ्याचं जाळं, धुळीनं जाड झालेलं.

"राहू द्या. पुढच्या आठवड्यात रंधा घेऊन येतो," मिस्त्री म्हणाला.

मावशी खोलीत फिरत होती. प्रत्येक वस्तूला हात लावत होती आणि तिचं नाव घेत होती, दप्तरात वस्तू नीट ठेवणाऱ्या मुलीसारखी. इथं पीठ मळायचे. इथं सासूबाई बसायच्या. इथं त्याचा सदरा. तिचा चेहरा इतका तरुण झाला होता की लिबेराचे डोळे भरून आले. याचसाठी, तिला वाटलं. याचसाठी मी परत आले.

जेवणाच्या वेळेपर्यंत उतरायचं ठरलं होतं. पण मावशी म्हणाली, "एक दुपार इथं झोपू दे मला." त्यांनी पाव आणि चीज खाल्लं. एजिदियोनं बरोबर आणलेली खाट उघडून दिली. "मी खाली टेम्पोत पडतो. इथं झोपून मला घोरण्याची बदनामी नको."

मावशी आडवी झाली. लिबेरा दारातून वळली तेव्हा मावशीनं विचारलं, "चित्र कुठंय?"

"माझ्याकडे आहे. पिशवीत."

"तोंड कुणीकडे आहे?"

"रुमालात गुंडाळलंय, मावशी."

"बरं," मावशी म्हणाली आणि डोळे मिटले. "दार ओढून घे. ऊन येतं."

६

झऱ्याला आता पाणी नव्हतं. दगडाची कुंडी तेवढी होती. समोर दरीपलीकडे कड्यावर घरांची ओळ. ऊन इतकं पांढरं की रस्ता आणि आभाळ एकच झालेलं. तुतीचं झाड केव्हाच मेलं होतं, बाकी सगळं चित्रातल्यासारखं. टोळांचा आवाज चालू होता, आणि लिबेरा कुंडीच्या काठावर बसली तसा तो बंद पडला.

तिनं रुमाल सोडला.

चित्रातली खिडकी सताड उघडी होती. दोन्ही दारं भिंतीला टेकलेली. आतला काळा रंग ओला असल्यासारखा चकाकत होता.

तिनं मान वर केली. खरी खिडकी बंद होती, जशी असायला हवी तशी. तिनं चित्राकडे पाहिलं, मग वर, मग चित्राकडे. रंग, ऊन, तापलेलं लाकूड. एकही कारण जवळ येईना. तिला फक्त एक गोष्ट हवीशी वाटली. मावशी तिथून उठून बाहेर यायला हवी. आत्ता.

"मावशी!"

हाक दरीवरून गेली आणि घरांच्या ओळीवर आपटून परत आली.

"मावशी! रोकीनामावशी!"

काही हललं नाही. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण कुठं आहोत, वेळ कोणती, आणि हाक कुठून मारतोय. तिनं तोंडावर हात ठेवला. लहानपणी हसताना ठेवायची तसा.

कड्यावरची ती खिडकी उघडली.

सरळ, सहज, रोज उघडत असल्यासारखी. मावशी खिडकीत आली. डोक्याला पांढरा रुमाल. तिनं डोळ्यांवर हात धरून झऱ्याकडे पाहिलं, लिबेरा दिसली आणि ती हसली. एवढ्या लांबून हसणं दिसत नाही, पण ते दिसलं. तिनं तोंड उघडून ओ दिली. आवाज आला नाही. लिबेराला क्षणभर इतकं बरं वाटलं की तिनंही हात हलवला.

मग मावशीच्या मागच्या अंधारातून एक बाही पुढे आली. पांढऱ्या सदऱ्याची, कोपरापर्यंत दुमडलेली. हात तिच्या खांद्यावर आला, घाई नसल्यासारखा. मावशीनं मागं वळून पाहिलं. दुसऱ्या हातानं कुणीतरी खिडकीची दारं आत ओढून घेतली. ऊन येत होतं म्हणून.

७

एजिदियो आणि ती एकदमच दारात पोचले. मावशी खाटेवर तशीच होती, उताणी, हात छातीवर. एजिदियोनं गुडघे टेकले, तिच्या तोंडाजवळ गाल नेला, आणि टोपी काढली.

लिबेरा खिडकीपाशी गेली. दारं चौकटीत घट्ट बसलेली. कडीवरचं जाळं जसंच्या तसं, धुळीनं जाड.

डॉक्टर म्हणाला, हृदय. या वयात चढण, ऊन, मनावर ताण. लिबेरानं मान हलवली. एजिदियोनं मात्र तिला बाजूला घेऊन विचारलं, "हाक तुम्ही मारलीत?"

"हो."

"मी टेम्पोत ऐकली." त्यानं टोपी बोटांत फिरवली. "मी ओ दिली नाही. मला वाटलं, कुणाची कुणास ठाऊक."

सणाला मिरवणूक वर गेली नाही. कुणी लिबेराला बोल लावला नाही, उलट बायका घासभर जेवण घेऊन येत राहिल्या आणि मावशी आपल्या घरात गेली हे केवढं भाग्य असं म्हणत राहिल्या. काहींनी तर किल्ल्या आणून टेबलावर ठेवल्या. लिबेरानं त्या परत केल्या. वडिलांनी फोनवर सांगितलं, आता ये. ती म्हणाली, इथलं आवरून येते. पण आवरायला तिनं कधी घेतलं नाही.

ती मावशीच्याच घरात राहते. चित्रातल्या सगळ्या खिडक्या पोस्टकार्डासारख्या बंद आहेत. जेवण झालं की ती चुरे कोंबड्यांना टाकते, खिडक्या ओढते, चित्र पालथं करते. पाठीवर थोपटते. शब्द मात्र तिच्या तोंडून फुटत नाहीत.

शरदातल्या एका दुपारी ती पडली होती आणि हाक आली. स्वयंपाकघराच्या बाजूनं. लाकडापलीकडून येते तशी, जरा दबलेली.

"लिबेरा."

आवाज ओळखीचा होता. त्यात धाक नव्हता, माया होती, आणि तेच सोसवेना. ती उशीत तोंड खुपसून पडली. आपल्याला किती आठवण येते, आपण किती एकट्या आहोत, ओ द्यायला किती सोपं आहे, हे सगळं तिला एकदम कळलं. ओठ विलगलेसुद्धा. मग तिनं ते मिटून घेतले आणि लहानपणी शिकवलेलं वाक्य मनातल्या मनात म्हटलं. ज्याला खरंच काम असेल तो चारला परत येईल.

"लिबेरा."

ती पडून राहिली. हाक थांबली. तिला रडू आलं आणि त्यातच डोळा लागला.

चर्चच्या घंटेनं जाग आली. गावभर खिडक्या उघडल्याचे खडखड आवाज झाले, कुणी कुणाला तरी शिवी दिली, कुणाचा तरी रेडिओ लागला. चार वाजले होते. तिनं उठून खिडकी उघडली. कलतं ऊन आत आलं. काही झालं नव्हतं. ती चित्र सरळ करायला स्वयंपाकघरात निघाली.

आणि समोरच्या दारावर थाप पडली.

"लिबेरा," दाराबाहेरून आवाज आला. दमलेला, डोंगर उतरून आल्यासारखा, हसरा. "कॉफी टाक गं. साखर मी घालीन."